कोरड्या सुरतेत बीअर बारवाला

सुरतेहून परत आलो तेव्हा लोकांनी मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, "काय काय खाल्लं?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "आणि ते? मिळतं का तिथं?" दुसरा प्रश्न विचारणारे सगळे माझे गिऱ्हाईक. चाळीसगावात धुळे रोडला माझा बीअर बार आहे. गुजरातेत दारूबंदी आहे ही गोष्ट माझ्या गिऱ्हाइकांना दूरच्या नातेवाइकाच्या आजारपणासारखी वाटते. काळजीने चौकशी करतात, भेटायला कोणी जात नाही. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

मी गेलो होतो मुलीच्या स्थळासाठी. माझी थोरली मंगल, बी.ए. झालेली. तिची दोन स्थळं मोडली होती. पहिल्यांनी कळवलं, पत्रिका जुळत नाही. दुसऱ्यांनी कळवलं, मुलाला एवढ्यात लग्नच करायचं नाही. दोन्ही मुलांची लग्नं त्याच उन्हाळ्यात झाली, एकाची पत्रिका तर मलाही आली. खरं कारण धुळे रोडवर उभं होतं आणि संध्याकाळी त्याच्यावर लाल दिवे लागत होते. म्हणून तिसरं स्थळ आलं तेव्हा मध्यस्थाने शहाणपणा केला. "मुलीच्या वडिलांचं हॉटेल आहे," एवढंच तो बोलला. हे खोटं नव्हतं. माझ्या बोर्डावर 'हॉटेल' हा शब्द आहे. त्याच्याखाली 'परमिट रूम व बीअर बार' हे त्याच्या दुप्पट अक्षरांत आहे, एवढाच फरक.

मुलगा सुरतेला. वडील शिंदखेड्याकडचे, वीस वर्षांपूर्वी कापड विणायच्या लूमवर कामाला गेले ते तिकडचेच झाले. शहाण्णवच्या डिसेंबरात मी निघालो. बरोबर माझा मेहुणा दिलीप. बायकोने त्याला माझ्या सोबतीला दिला, असं ती म्हणाली. मला वाटतं घरात चार दिवस शांतता मिळावी म्हणून दिला.

दिलीपला बीअर फार आवडते आणि ती माझ्याकडेच फुकट मिळते, त्यामुळे जगातल्या इतर ठिकाणी ती कशी असते याची त्याला उत्सुकता. गाडीत त्याने मला समजावलं, "दाजी, हिऱ्यांचं शहर आहे, कापडाचं आहे. एवढा पैसा कमावणारी माणसं संध्याकाळी काय ताक पितात? एक फर्स्ट क्लास बार असणारच. फक्त माहीतगार माणूस गाठला पाहिजे."

मी त्याला गप्प केलं नाही. खरं सांगतो, मलाही धंद्याच्या दृष्टीने बघायचं होतं.

स्टेशनजवळ

माहीतगार माणूस स्टेशनबाहेरच मिळाला, रिक्षावाला. लॉजवर सामान टाकून आम्ही दुपारी त्याच्या रिक्षात बसलो. प्लेगची साथ येऊन गेल्यापासून सुरतेने अंग घासून काढलं होतं. रस्ते इतके झाडलेले, की दिलीप विडीचं थोटूक हातात धरून टाकायला जागा शोधत होता. आमच्याकडे जागा शोधावी लागत नाही.

"भाई," दिलीप म्हणाला, "यहाँ अच्छी ठंडी बीअर कहाँ मिलेगी?"

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. "मराठी का?"

तो नवापूरचा निघाला. दिलीपला देव भेटल्याचा आनंद झाला. "मग तुम्हीच सांगा ना राव. बसायला बरं पाहिजे. गर्दी नको."

"चला," तो म्हणाला, "दाखवतो. एकदम खुल्लम-खुल्ला."

त्याने आम्हाला एका चकचकीत दुकानासमोर उतरवलं. पाटी गुजरातीत होती. शिरोरेषा काढून टाकलेली आपलीच अक्षरं समजून दिलीपने ती लावून वाचली आणि माझा दंड धरला. "दाजी, 'बीअर' लिहिलंय. उघड लिहिलंय!"

आत पंखे, आरसे, स्वच्छ टेबलं. आणि टेबलांभोवती कुटुंबं! साडीतल्या आया, शाळेच्या गणवेशातल्या मुली, काठी घेऊन आलेले एक आजोबा. प्रत्येकासमोर गडद तपकिरी बाटली. एक चारेक वर्षांचं पोर दोन्ही हातांनी बाटली धरून फेस ओठांवर घेत होतं आणि आई त्याला "धीमे धीमे" म्हणत होती. माझ्या बारमध्ये मी 'फॅमिली रूम' म्हणून एक खोली पडदे लावून सजवली होती. इतक्या वर्षांत तिच्यात एकही फॅमिली बसली नव्हती. शेवटी आम्ही तिथे रिकामे क्रेट ठेवायला लागलो. इथे दारूबंदीच्या गावात तीन पिढ्या एका टेबलावर बीअर पीत होत्या. मला पहिल्यांदा आपल्या राज्याची काळजी वाटली.

दिलीपने दोन मागवल्या. बाटली बर्फासारखी गार होती. त्याने डोळे मिटून मोठा घोट घेतला आणि मग बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत.

"सफरचंद," तो म्हणाला.

ती फ्रूट बीअर होती. सफरचंदाचा स्वाद, सोडा आणि भरपूर साखर. बाहेर रिक्षावाला हँडलवर डोकं टेकून हसत होता. मी मात्र माझी बाटली शेवटपर्यंत संपवली. मला आवडली.

तापीकाठी

संध्याकाळी दिलीपची समजूत काढायला मी त्याला तापीच्या पुलाकडे नेलं. आमची गिरणा जिला मिळते तीच ही तापी. पण खानदेशात ती दगडांतून वाट काढत जाते, इथे ऐसपैस पसरलेली. काठावर मांडव टाकून पोंक विकायला बसले होते. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. आपण शेतात आगटीभोवती बसून, हात भाजत, राखेसकट खातो. इथे तो स्वच्छ निवडून तराजूत तोलतात, त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव घालतात आणि साखरेचे पांढरे दाणे टाकतात.

हुरड्यात साखर पाहून दिलीप म्हणाला, "ही माणसं बीअरमध्ये साखर घालतात ते उगाच नाही."

पहिला घास मी जरा रागानेच घेतला. आंबट शेव, कोवळा दाणा आणि मध्येच कुडुम वाजणारी साखर. दुसरा घास मुकाट्याने घेतला. तिसऱ्याला आम्ही आणखी पावशेर मागवला. शेजारच्या बाकावर एक कापडाचे दलाल सहकुटुंब बसले होते. त्यांनी न विचारता आपल्या पिशवीतली लसणाची चटणी आमच्या कागदावर वाढली आणि "एम नहीं, आम खाओ", तसं नाही, असं खा, म्हणत पोंक, शेव आणि चटणी यांचं प्रमाण शिकवलं. खाण्याच्या बाबतीत सुरतेत कोणी परका नसतो. ओळख नंतर, आधी घास.

परवाना

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लोचो खाल्ला. चण्याच्या डाळीचं वाफवलेलं पीठ, धड खमण नाही की धड पिठलं नाही, त्यावर तेल, शेव, कांदा आणि तिखट मसाला. विकणाऱ्याने अभिमानाने सांगितलं, की कोणाचं तरी खमण बिघडलं आणि त्याचा हा पदार्थ झाला. आपल्याकडे काही बिघडलं की आपण 'लोचा झाला' म्हणून कपाळाला हात लावतो. सुरतवाले त्यावर शेव भुरभुरतात आणि रांग लावून विकतात. धंदा असा पाहिजे.

लोचो खाताना दिलीपला शेजारच्या माणसाने महत्त्वाची माहिती दिली. परराज्यातल्या पाहुण्याला सरकार रीतसर पिण्याचा परवाना देतं. कुठल्या कचेरीत जायचं तेही सांगितलं. दिलीपने अर्धी प्लेट तशीच ठेवली. त्याला मी जेवण सोडताना पाहिलं ते तेवढं एकदाच.

कचेरीत टेबलामागे एक गृहस्थ बसले होते. पन्नाशीचे, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली, समोर सुबक अक्षरांत लिहिलेले अर्ज. त्यांनी दिलीपचं रेशनकार्ड आणि रेल्वेचं तिकीट तपासलं. मला तिथे बसून जरा गंमत वाटत होती. माझ्या दारावर 'परमिट रूम' लिहिलेलं आहे, कायद्याने महाराष्ट्रातही पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, पण आजवर एकाही गिऱ्हाइकाने मला तो दाखवला नाही आणि मी मागितला नाही. पिण्याचा खराखुरा परवाना कसा दिसतो हे बघायला मला दारूबंदीच्या राज्यात यावं लागलं.

"साथ में आप? आप का धंधा?" त्यांनी मला विचारलं.

"हॉटेल," मी म्हणालो. सवय लागली होती.

"बीअर बार आहे यांचा," दिलीपने मराठीतच सांगितलं. "एकदम मोठा."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता अर्ज फाडणार. ते उठले, कोपऱ्यातली बरी खुर्ची ओढून माझ्यासाठी पुढे ठेवली आणि चहा सांगितला. मग टेबलावर वाकून हळू आवाजात विचारलं, "एक बात पूछूँ? बीस साल से मैं ये परमिट लिखता हूँ. कभी चखी नहीं. घर में सब वैष्णव हैं. कैसी लगती है?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. जन्मभर देवळाची घंटा बनवणाऱ्या बहिऱ्यासारखा त्यांचा चेहरा होता.

"साहेब," मी म्हणालो, "मला माहीत नाही. मीही पीत नाही."

"आप? क्यों?"

"रोज संध्याकाळी पिणाऱ्यांना बघतो."

त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघं, पिण्यावर पोट भरणारी दोन न पिणारी माणसं, बशीतून चहा प्यालो. तिसरा उतावळा होऊन परवान्यावरची शाई वाळायची वाट पाहत होता.

मासळीचा बर्फ

परवान्यावर दिलीपला एका मोठ्या हॉटेलातल्या दुकानातून बीअर मिळाली. पण ती कोमट. दुकानाचा फ्रीज बंद होता. आमच्या लॉजवर फ्रीज नव्हताच. दिलीप हार मानणारा नाही. तो बादली घेऊन बर्फाच्या शोधात गेला आणि अर्ध्या तासाने विजयी मुद्रेने परत आला. बाटल्या बादलीत घातल्या, वर टॉवेल टाकला आणि आम्ही वाट बघत बसलो.

थोड्याच वेळात खोलीत एक वास पसरला. मग जिन्यात पसरला. बर्फ मासळी बाजारातून आला होता.

लॉज शाकाहारी. दारावर 'कांदा-लसूणवाले पदार्थ खोलीत आणू नयेत' अशी पाटी. दारावर थाप पडली. लॉजचे मॅनेजर, नाकाला रुमाल लावून, मागे दोन नोकर.

"मच्छी लाए हो?" ते थरथरत म्हणाले.

दिलीप घाबरला. त्याने परवाना पुढे केला. "नहीं साहेब, कसम से. सिर्फ बीअर है."

मॅनेजरांनी टॉवेल उचलून बादलीत पाहिलं. बाटल्या पाहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू निवळला. रुमाल खाली आला.

"अच्छा, बीअर है," ते सुटकेचा श्वास टाकून म्हणाले. "तो ठीक है. मैं समझा कुछ गलत चीज लाए."

बर्फ मात्र त्यांनी गटारात ओतायला लावला. दिलीपने बीअर कोमटच प्यायली. तिला बोंबलाचा वास येत होता, असं तो अजून सांगतो.

डिंडोली

तिसऱ्या दिवशी मुलाच्या घरी. सुरतेच्या कडेच्या डिंडोलीत शिरलो आणि वाटलं, गाडी चुकून परत खानदेशात आली. ओट्यावर बायका अहिराणीत बोलत होत्या, कोणी शिरपूरचं, कोणी साक्रीचं. फक्त पोरं एकमेकांना गुजरातीत शिव्या देत होती.

मुलाचे वडील तुळशीराम अप्पा दारातच उभे होते. साठीला आलेले, बारीक, केसांत सुताचे पांढरे तंतू अडकलेले. आधी मला ते पिकलेले केस वाटले. "या, या. वाट सापडनी ना बराबर?" त्यांनी हात धरून आत नेलं. दोन खोल्या, भिंतीला निळा रंग, फळीवर चकचकीत पितळी डबे. त्यांची बायको कौतिकबाई चुलीसारखं जळजळीत बोलणारी, पण पाण्याचा तांब्या देताना हसली. मुलगा सुरेश भेस्तानच्या कापड छापण्याच्या मिलमध्ये रंगाचा मास्टर. उंच, शांत. नमस्कार केला तेव्हा त्याच्या नखांच्या कडा जांभळ्या दिसल्या. तो ओशाळला. "धुऊन जात नाही," म्हणाला. मला मुलगा तिथेच पसंत पडला.

मंगलचा फोटो हातोहात फिरला. शिक्षण, गोत्र, नाती झाली. मग कौतिकबाईंनी विचारलं, "तुमच्या हॉटेलात भाकरी कोण करतं?"

"बाया ठेवल्यात," दिलीप घाईने म्हणाला. "शेवभाजी तर अशी, की धुळ्याहून लोक येतात."

"आणि काय मिळतं?" सुरेशने सहज विचारलं.

"दाल फ्राय," दिलीप म्हणाला. "जिरा राईस. पापड." पापडानंतर त्याला काही सुचेना.

अप्पा ऐकत होते. ते म्हणाले, "बरं आहे, खाण्याचा धंदा. मी सुरतेला का आलो माहीत आहे का तुम्हाला?" आम्ही म्हणालो, लूमवर. "लूम मालेगावातही होते. जवळ पडलं असतं. माझा धाकटा भाऊ होता, बाळू. हात फार चांगला होता त्याचा, पण प्यायचा. गावात जो दिसेल त्याला मी विचारायचो, बाबा, दारू नाही असं गाव कोणतं? एकाने सांगितलं, गुजरातेत बंदी आहे. तेवढ्यावर बाळूला घेऊन निघालो. बिऱ्हाड डोक्यावर."

त्यांनी दाराबाहेर बोट केलं. बाहेर कोणाची तरी सायकल खडखडत गेली.

"पहिल्या पगाराच्या दिवशी बाळू गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि पिऊन आला. गावाकडे कोसभर चालावं लागायचं. इथे ऐंशी पावलं. प्लास्टिकच्या पोटलीत मिळते. दोन वर्षांत गेला. या खोलीतच, आता तुम्ही बसलात तिथे."

दिलीप जमिनीकडे बघत होता. मला त्या क्षणी मोठा प्रामाणिकपणा सुचला असं म्हणायला आवडलं असतं. सुचली ती भीती. लग्न झालं, की आज ना उद्या हा माणूस चाळीसगावला येईल. धुळे रोडवर उतरेल. वर बघेल. आणि माझी मुलगी इथे या निळ्या भिंतींत एकटी असेल.

"अप्पा," मी म्हणालो, "माझं हॉटेल नाही. बीअर बार आहे. पंधरा वर्षं झाली. मध्यस्थाने सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही."

कौतिकबाईंच्या हातातला फोटो मांडीवर आला. अप्पा उठले, चपला न घालता बाहेर गेले आणि गल्लीत पाठमोरे उभे राहिले. मी दिलीपला खूण केली आणि उठलो.

"उपाशी कसाले जातस?" कौतिकबाई म्हणाल्या. "बठा. जेवी ल्या."

आणि आम्ही जेवलो. मोडलेल्या स्थळाच्या घरी मी आयुष्यात पहिल्यांदा जेवलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचं भरीत आणि एका वाटीत शेजारच्या गुजराती बाईने शिकवलेलं उंधियू. पापडी, सुरण, मेथीचे मुठिये, अंगचा थोडा गोडवा. भरीत तोंडात आग लावायचं, उंधियू ती विझवायचं. इतकं चांगलं जेवण मी इतक्या वाईट मनाने कधी खाल्लं नाही. दिलीपने लाजेपोटी चार भाकरी खाल्ल्या. अप्पा आत आले, आमच्याबरोबर बसले, पण भाकरीचे तुकडे करत राहिले.

सुरेश मध्येच आईला गुजरातीत काहीतरी म्हणाला.

"आपली भाषामा बोल," कौतिकबाई कडाडल्या.

तो लाल झाला. मग मराठीत म्हणाला, "मी म्हटलं, मला काय बीअर बारशी लग्न करायचंय?"

कौतिकबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पा हसले नाहीत. निघताना त्यांनी हात जोडले, एवढंच.

घारीचं दुकान

चौथ्या दिवशी सकाळी मी घारी घ्यायला गेलो. रिकाम्या हाताने परत गेलो तर स्थळ मोडलं हे मंगलला लगेच कळलं असतं. घारी म्हणजे खव्याचं सारण भरलेली तुपातली पुरी, आणि तळून झाल्यावर वरून पुन्हा घट्ट तुपाचा थर. दुकानदाराने मला नमुना खायला दिला. एका घारीत आपल्याकडची अख्खी पंगत आटोपते. मी डबा बांधून घेत होतो तेव्हा मागून कोणीतरी हाक मारली. अप्पा. रात्रपाळी संपवून थेट लॉजवर गेले होते, दिलीपने इकडे पाठवलं. भुवयांवरही सूत चिकटलेलं.

"एकच विचारायचंय," ते म्हणाले. "खरं सांगा. रोज येणारा, मर्यादा सोडून पिणारा माणूस असतो तुमच्याकडे. त्याला तुम्ही नाही म्हणता का?"

दुकानात गर्दी होती. तुपाचा वास. मला उत्तर माहीत होतं आणि कोणतं उत्तर बरं दिसेल तेही माहीत होतं.

"कधीतरी म्हणतो," मी म्हणालो. "मारामारीची वेळ आली तर. नाहीतर नाही म्हणत. मागेल तितकी देतो."

अप्पांनी भुवईवरचं सूत पुसलं.

"बाळूला देणारा आमच्याच गल्लीत राहतो," ते म्हणाले. "मयतीला आला होता. मला म्हणाला, मी तर त्याला नेहमी नाही म्हणायचो. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. तुम्ही तसंच म्हणाला असतात तर मी इथूनच घरी गेलो असतो."

मी घारी पुढे केली. त्यांनी अर्धी तोडून घेतली.

"पौषानंतर मुलगी बघायला येऊ," ते खाता खाता म्हणाले. "पण मी चार दिवस आधी येईन. एकटा. तुमच्या बारमध्ये बसेन. मला बघायचं आहे."

चाळीसगाव

प्रवासवर्णन खरं तर इथे संपायला हवं, पण अप्पा खरोखरच आले. माघात. पिशवीत दोन धोतरं आणि आमच्यासाठी पोंक. मंगलला त्यांनी पहिल्याच दिवशी, तिच्या आईसमोर, विचारलं, "पोरी, बापाच्या धंद्याची लाज वाटते का?"

"धंद्याची नाही वाटत," ती म्हणाली. "लपवतात त्याची वाटते."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायला आत गेलो. लग्न ठरलं, पुढे झालंही, आणि ते सगळ्या लग्नांसारखंच झालं. सांगण्यासारख्या आहेत त्या अप्पांच्या चार संध्याकाळी.

ते काउंटरच्या बाजूला लाकडी खुर्ची टाकून बसायचे. कोणाला उपदेश करायचे नाहीत. फक्त एखाद्याने तिसरी बाटली मागितली, की आपल्या जागेवरून विचारायचे, "भो, घर कोनी वाट देखी ऱ्हायनं का?" घरी कोणी वाट बघतंय का? एवढंच. काही जण हसायचे, काही चिडायचे, पुष्कळ जण थोडा वेळ ग्लासकडे बघून उठायचे. दुसऱ्या संध्याकाळी निम्मी टेबलं रिकामी. दिलीप माझ्या कानात म्हणाला, "दाजी, अख्ख्या गुजरात सरकारला जमलं नाही ते हा माणूस खुर्चीवर बसून करतोय. सोयरीक करा, पण यांना लवकर गाडीत बसवा."

शेवटच्या संध्याकाळी एक निवृत्त एस.टी. कंडक्टर नेहमीच्या कोपऱ्यात बसला होता. माझं जुनं, रोजचं गिऱ्हाईक. त्याला बाटली किती गार लागते, दाणे खारे की मसाल्याचे, पंखा कोणत्या आकड्यावर, सगळं मला पाठ. त्याने तिसरी मागितली. अप्पांनी विचारलं.

तो जरा विचार करून म्हणाला, "नाही. कोणी नाही. बायको गेली, दोन वर्षं झाली."

मी काउंटरमागे उभा होतो. दोन वर्षं तो रोज माझ्यासमोर बसत होता.

अप्पा उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, त्याच्या टेबलाशी नेऊन ठेवली आणि बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेठ, तिसरी राहू द्या. दोन शेवभाजी आणि भाकरी पाठवा. आम्हा दोघांना भूक लागली आहे."

मी पोऱ्याला हाक मारली नाही. ताटं मी स्वतः घेऊन गेलो.